तळ्याकाठचा मुक्काम

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर माझगाव वसले आहे. ज्या सात बेटांची मिळून मुंबई झाली, त्यांतील हे एक बेट. एके काळी येथील आंबा दूरवर नावाजलेला होता. आज तेथे गोदी आहे, जहाजे बांधण्याचा मोठा कारखाना आहे, डॉकयार्ड रोडचे रेल्वे स्थानक आहे, आणि दाटीवाटीने उभ्या असलेल्या चाळी व इमारती आहेत. या साऱ्यांच्या मध्ये भंडारवाड्याची टेकडी डोके वर काढून उभी आहे. टेकडीच्या माथ्यावर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान आहे. सायंकाळी मुले तेथे खेळतात; वृद्ध मंडळी वाऱ्याला बसून बंदरातील जहाजे न्याहाळतात. परंतु ज्या हिरवळीवर ती बसतात, तिच्याखाली पाण्याचा साठा आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या गावीही नसते.

हे पाणी माझगावात उगवत नाही. मुंबईची तहान सात जलाशय भागवितात. त्यांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच शहराच्या हद्दीत आहेत. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा हे पाच जलाशय दूर, सह्याद्रीच्या बाजूला आहेत. विहारचा तलाव १८६० साली पुरा झाला; तानसाचे पाणी १८९२ साली शहरात आले. तेव्हा माझगावच्या माणसाने डोंगरातले तळे कधी पाहिले नसले, तरी त्याचा रोजचा पहिला घोट बहुधा अशाच एखाद्या तळ्यातून आलेला असतो.

असे समजा, की याच माझगावातील एका चाळीतील बारा मंडळींनी डोंगरातल्या तळ्याकाठी शनिवार-रविवारचा मुक्काम करण्याचे ठरविले आहे. त्यांत सहासष्ट वर्षांचे एक आजोबा आहेत व सर्वांत धाकटी अकरा वर्षांची एक मुलगी आहे. गोदीत फिटर म्हणून काम केलेले एक काका आहेत. रुग्णालयात परिचारिका असलेली एक ताई आहे. महाविद्यालयात शिकणारे दोन तरुण आहेत. आणि बाकीची चाळीतलीच नेहमीची माणसे आहेत. चारही चाकांना जोर देणाऱ्या तीन जीपगाड्या मिळाल्या आहेत. उत्साह तर भरपूर आहे. परंतु उत्साहाने तंबू उभा राहत नाही आणि उत्साहाने भूकही भागत नाही. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याची जी गत होते, तीच बेत न आखता डोंगरात जाणाऱ्याची होते. म्हणून ही मंडळी निघण्यापूर्वी महिनाभर आधी, एका रविवारी सकाळी, चाळीच्या गॅलरीत वही-पेन्सिल घेऊन बसली आहेत.

पहिला प्रश्न आहे जावयाचे कोठे. बराच खल होऊन भंडारदऱ्याचे नाव निश्चित होते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन माथ्याजवळ प्रवरा नदीवर हे धरण आहे. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा येथे दगडी भिंतीने अडविली आहे. धरणाचे काम १९१० साली सुरू झाले व १९२६ साली पूर्ण झाले. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून त्याला विल्सन धरण हे नाव मिळाले. भिंतीची उंची सुमारे ८२ मीटर असून जलाशयात सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी मावते. जवळच बारी गावाच्या डोक्यावर महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, उभे आहे. जलाशयाच्या दुसऱ्या टोकाला रतनवाडी हे लहानसे गाव आहे. तेथील अमृतेश्वराचे प्राचीन दगडी मंदिर कोरीव कामासाठी प्रसिद्ध आहे. मुक्काम रतनवाडीच्या बाजूस करावा, असे ठरते.

दुसरा प्रश्न आहे जावयाचे केव्हा. एक तरुण म्हणतो, “जूनच्या आरंभी जाऊ. त्या वेळी तिकडे झाडेच्या झाडे काजव्यांनी लखलखतात.” त्याचे म्हणणे खोटे नाही. मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, पहिल्या पावसाच्या आगेमागे, त्या भागात असंख्य काजवे दिसतात. परंतु परिचारिका ताई त्याची दुसरी बाजू सांगते. काजव्याचे चमकणे हे त्याचे बोलणे असते. नर चमकून हाक देतो व मादी चमकून ओ देते. शेकडो गाड्यांचे प्रखर दिवे एकाच वेळी त्या अरण्यात शिरले, म्हणजे ही हाक कोणाला ऐकू जात नाही. काजव्यांच्या अळ्याही जमिनीवरच वाढतात. त्यांच्यावर पाय आणि चाके पडतात. जे पाहावयास जावयाचे, तेच आपल्या जाण्याने नाहीसे व्हावे, हे काही बरे नव्हे. शिवाय जूनमध्ये पाऊस केव्हा कोसळेल याचा नेम नसतो. घाटघर आणि रतनवाडी हा तर राज्यातील अतिवृष्टीचा प्रदेश. तेथे कच्ची वाट घटकाभरात चिखलाची होते.

अखेर नोव्हेंबर महिना पसंत पडतो. त्या वेळी पाऊस परतलेला असतो, जमीन वाळलेली असते आणि जलाशयात पाणीही भरपूर असते. आजोबा पंचांग उघडून कार्तिकी पौर्णिमेजवळचा शनिवार शोधून काढतात. चंद्राचा प्रकाश असला, म्हणजे विजेऱ्या कमी लागतील आणि परक्या जागी पाऊल चुकण्याचे भयही कमी होईल, हा त्यांचा विचार असतो.

तिसरा प्रश्न पुष्कळ सहलींत कोणी विचारीतच नाही. ती जागा कोणाची? डोंगर मोकळा दिसतो, म्हणून तो कोणाचाच नसतो असे नाही. भंडारदरा-रतनवाडीचा हा परिसर १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. तेथे बिबट्यापासून मुंगीपर्यंत सर्वांना राहण्याचा पहिला हक्क आहे. तेथे कोठे थांबता येईल, विस्तव पेटविता येईल की नाही, गाडी कोठपर्यंत नेता येईल, हे वन विभागाकडून आधी समजून घ्यावे लागते. तसेच जलाशयाभोवती महादेव कोळी समाजाची जुनी गावे आहेत. त्यांची भाताची खाचरे, त्यांची गुरे, त्यांच्या पायवाटा तेथे आहेत. म्हणून मंडळी ठरवितात, की तंबूंसाठी गावातल्याच एखाद्या शेतकऱ्याची भात कापून मोकळी झालेली जागा योग्य भाडे देऊन घ्यावयाची. आणि रविवारच्या जेवणाच्या भाकऱ्या व पिठले गावातूनच विकत घ्यावयाचे. त्यामुळे ओझे कमी होईल, पाहुणचाराला मोल मिळेल आणि अडीअडचणीला ओळखीचे एक घरही होईल.

आता वेळेचे गणित. येथे आजोबा एक युक्ती सांगतात. “घड्याळ शेवटाकडून मागे मोजीत या,” ते म्हणतात. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. डोंगराआड तर तो त्याहीपूर्वी जातो. अंधारात तंबू ठोकणे म्हणजे मेखेऐवजी अंगठ्यावर मोगरी मारून घेणे! तेव्हा पाच वाजेपर्यंत तंबू उभे राहिलेच पाहिजेत. जागा साफ करून तंबू ठोकण्यास दीड तास लागेल. म्हणजे साडेतीनला तेथे पोहोचावयास हवे. धरणाजवळच्या शेंडी गावापासून जलाशयाला वळसा घालून रतनवाडी सुमारे २० किलोमीटर आहे. वळणाचा रस्ता, वाटेतील थांबे आणि शेवटची कच्ची वाट धरून त्याला दोन तास ठेवले. म्हणजे शेंडीहून दीड वाजता निघावयास हवे. जेवण आणि धरणाचे दर्शन यांस दीड तास. म्हणजे शेंडीला बारा वाजता पोहोचावयास हवे. माझगावाहून शेंडी सुमारे १७० किलोमीटर. ठाणे, भिवंडी, शहापूर करीत कसारा घाट चढावयाचा, इगतपुरीनंतर घोटीला महामार्ग सोडावयाचा आणि बारीवरून शेंडी गाठावयाचे. याला चहापाण्यासह पाच तास धरले, तर सातला निघावे लागेल. त्यात गर्दीसाठी एक तास हाती ठेवला. अशा रीतीने, माझगावातून सकाळी सहाला गाड्या सुटल्या पाहिजेत, हे संध्याकाळच्या पाच वाजण्यावरून ठरते!

कच्च्या वाटेचा विषय निघताच सर्वजण फिटर काकांकडे पाहतात. काका म्हणतात, “वाट वाईट असली, तर गाडीपेक्षा डोके अधिक चालवावे लागते.” मग ते एकेक नियम वहीत लिहून देतात. अवघड वाटेवर एकट्या गाडीने कधीही जाऊ नये. एक फसली तर ओढावयास दुसरी हवी. खडबडीत चढावर आणि उतारावर आरंभापासून खालचा गिअर ठेवावा, म्हणजे गाडी स्वतःच्या जोरावर सावकाश चालते व ब्रेक तापत नाहीत. ओढ्याचे पाणी आडवे आले, तर प्रथम माणसाने हातात काठी घेऊन तळ चाचपून पाहावा. पाणी वेगाने वाहत असेल किंवा गढूळ असून तळ लागत नसेल, तर त्यात पाऊलही न टाकता परत फिरावे. अवघड जागी एका वेळी एकच गाडी न्यावी. चाक रुतल्यास त्याच्यापुढे माती खोदून फळी किंवा गोणपाट घालावे. जोराने यंत्र फिरविल्यास चाक आणखी खोल जाते. दुसऱ्या गाडीने ओढताना दोर ताणला जातो. तो तुटला, तर चाबकासारखा उसळतो. म्हणून त्या वेळी दोराच्या रेषेत किंवा त्याच्या जवळपास कोणीही उभे राहता कामा नये.

काकांच्या यादीत प्रत्येक गाडीसाठी हवा भरलेले जादा चाक, जॅक व त्याखाली ठेवण्यास जाड फळी, हवा भरण्याचा पंप, फावडे, दोर आणि विजेरी एवढ्या वस्तू आहेत. निघण्याच्या आठवडाभर आधी ब्रेक, टायर, पाणी आणि तेल तपासण्याची जबाबदारी ते स्वतःकडे घेतात.

त्यानंतर शिधा. येथे अंदाजापेक्षा हिशेब बरा. पिणे आणि स्वयंपाक यांसाठी एका माणसाला दिवसाला ४ लिटर पाणी धरले, तर बारा माणसांना दोन दिवसांसाठी ९६ लिटर लागेल. म्हणजे २० लिटरचे पाच कॅन. “तळ्याकाठी जाऊन पाणी घरून न्यावयाचे?” धाकटी मुलगी विचारते. परिचारिका ताई समजावते, की उघड्यावरचे पाणी स्वच्छ दिसले, तरी त्यात डोळ्यांना न दिसणारे रोगजंतू असू शकतात. घरचे पाणी संपलेच, तर तळ्याचे पाणी कापडातून गाळून व खळखळा उकळून मगच प्यावे.

रात्रीसाठी मुगाची खिचडी ठरते. माणशी १०० ग्रॅम तांदूळ व ४० ग्रॅम डाळ धरून बारा जणांस १ किलो २०० ग्रॅम तांदूळ आणि सुमारे अर्धा किलो डाळ लागेल. बरोबर तूप, लोणचे, भाजलेले पापड. वाटेसाठी चपात्या व बटाट्याची भाजी; मधल्या वेळेसाठी चुरमुरे, गूळ आणि शेंगदाणे. एक मोठे पातेले, एक कढई, झारा, डाव आणि गॅसची लहान शेगडी एवढी भांडीकुंडी पुरे होतात. वर्गणी सर्वांची सारखी असते. पण गाडी देणाऱ्याकडून इंधनाचे पैसे घ्यावयाचे नाहीत, असे ठरते. न्याय म्हणजे सर्वांना सारखेच मोजणे नव्हे, हेही या बैठकीत धाकट्यांना शिकावयास मिळते.

रात्रीच्या थंडीचाही विचार होतो. समुद्रसपाटीपासून दर १,००० मीटर वर गेले, की हवा साधारणपणे साडेसहा अंशांनी थंड होते. भंडारदरा सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे; तेव्हा नुसत्या उंचीमुळेच तेथे जवळजवळ पाच अंशांचा फरक पडतो. माझगावची रात्र समुद्रामुळे उबदार राहते. डोंगरात निरभ्र आकाशाखाली जमीन लवकर निवते. म्हणून प्रत्येकाने एक घोंगडी, कानटोपी आणि खाली अंथरण्यास जाड चटई आणावयाची आहे. मात्र ताई एक गोष्ट बजावून सांगते, “थंडी कितीही वाजो, तंबू बंद करून आत शेगडी पेटवावयाची नाही.” कोंडलेल्या जागेत जळणामुळे एक विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्या माणसाला तो कळण्याआधीच त्याचा प्राण घेऊ शकतो.

इथपर्यंत सारे एकमताने चालते. मग तंबू नेमके कोठे ठोकावयाचे हा प्रश्न निघतो आणि मतभेद होतो. एक तरुण म्हणतो, “अगदी पाण्याला लागून! गाडी थेट काठापर्यंत नेऊ. सकाळी उठलो की पाण्यात उडी. नाहीतर एवढ्या लांब तळ्यावर जाऊन काय उपयोग?” दुसरा तरुण टाळी वाजवितो. धाकट्या मुलीचे डोळेही चमकतात.

फिटर काका सावकाश उत्तर देतात. धरणाचे तळे पोहण्याच्या तलावासारखे नसते. बुडालेल्या दरीचेच ते तळे झालेले असते. म्हणून गुडघाभर पाण्यापुढे एका पावलावर पुरुषभर खोली असू शकते. शेतीसाठी पाणी सोडले, की काठ मागे हटतो आणि गाळ उघडा पडतो. तो गाळ वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो. पण आत लोण्यासारखा मऊ असतो. त्यात गाडीचे चाक रुतते, माणसाचा पायही रुततो. चांगला पोहणारा गार पाण्यात दमतो, पायाला गाळ लागताच घाबरतो आणि त्याला वाचविण्यास गेलेला दुसराही संकटात सापडतो.

आजोबा पुढे म्हणतात, “शिवाय ते पाणी कोणाचे, याचा विचार कर बाळा. भंडारदऱ्याचे पाणी प्रवरेतून खाली जाते. अकोले, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या भागांतील शेतांना ते मिळते. गाडीच्या तेलाचे थेंब, भांड्यांचा साबण आपण तेथे टाकून येणार. आणि ते पाणी वापरणारी माणसे आपल्याला कधी दिसणारही नाहीत. आपल्या नळाला येणारे पाणीही असेच कोणाच्या तरी गावाजवळून येते. तिकडे कोणी गाडी धुतली, तर आपल्याला चालेल का?”

तरुण गप्प होतो. थोड्या वेळाने तो म्हणतो, “चालणार नाही, आजोबा.” मग तोच वहीत लिहितो: गाड्यांची चाके रुळलेली वाट सोडून जाणार नाहीत, कारण ओल्या मातीत पडलेल्या चाकोरीतून पावसाचे पाणी वाहते आणि माती वाहून नेते. तंबू पाण्यापासून निदान शंभर पावले दूर व उंचावर राहतील. भांडी पाण्यात धुवावयाची नाहीत. बादलीने पाणी दूर नेऊन धुवावयाची. पोहण्यासाठी पाण्यात कोणी उतरणार नाही. आणि मुले मोठ्या माणसाशिवाय काठावर जाणार नाहीत. तळे पाहण्यास डोळे पुरेसे आहेत, हे त्याला पुरते पटते की नाही कोण जाणे. पण नियम त्याच्याच हातचा असल्यामुळे तो मोडण्याची इच्छा त्याला सहसा होणार नाही.

एक शेवटची गोष्ट राहते, आणि ती सर्वांत कठीण असते. केव्हा माघारी फिरावयाचे? पुष्कळांना वाटते, की हा प्रश्न तेथे गेल्यावर सोडवावा. पण तेथे गेल्यावर माणूस थकलेला असतो, “आता एवढे आलोच आहोत,” असे मन म्हणत असते, आणि मागे फिरणे हा पराभव वाटू लागतो. म्हणून माघारीच्या अटी घरी, शांत मनाने ठरवाव्यात. ही मंडळी तीन अटी लिहितात. दोन वाजेपर्यंत शेंडी सोडता आली नाही, तर मुक्काम शेंडीतच करावयाचा. पाऊस आला वा वाट ओली दिसली, तर गाड्या गावात ठेवून पुढे पायी जावयाचे. कोणाला बरे वाटेनासे झाले, तर दोन गाड्यांनी मिळून परतावयाचे. रात्री एकट्या गाडीने कच्ची वाट धरावयाची नाही. गावापासून जवळचे आरोग्य केंद्र कोठे आहे, ते आधीच विचारून ठेवण्याचे काम ताई घेते.

“पण इतकी तयारी करून परत फिरलो, तर ती सारी फुकट जाणार!” धाकटी मुलगी म्हणते. तेव्हा आजोबा तिला एव्हरेस्टची हकीकत सांगतात. १९५३ सालच्या मे महिन्यात जॉन हंट यांच्या नेतृत्वाखालील तुकडी जगातील सर्वोच्च शिखरावर चढत होती. २६ मे रोजी टॉम बोर्डिलन आणि चार्ल्स इव्हान्स हे दोघे दक्षिण शिखरापर्यंत जाऊन पोहोचले. खरे शिखर तेथून जेमतेम शंभर मीटर उंच राहिले होते. परंतु दुपार उलटत होती, प्राणवायूचा साठा पुरेसा नव्हता, आणि एकाचे प्राणवायूचे उपकरण नीट चालत नव्हते. तोपर्यंत कोणताही गिर्यारोहक इतक्या उंचीवर चढून गेल्याची खात्रीलायक नोंद नव्हती. त्या क्षणी पुढे जाण्याचा मोह किती मोठा असेल! तरीही ते दोघे मागे फिरले आणि जिवंत परतले. ते जेथपर्यंत गेले होते, तेथपर्यंतच्या वाटेची माहितीही त्यांच्याबरोबर खाली आली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, २९ मे रोजी, तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी शिखरावर उभे राहिले. “त्या दोघांची तयारी फुकट गेली का?” आजोबा विचारतात. मुलगी मान हलवून ‘नाही’ म्हणते.

आता कामांची वाटणी होते. कोणी तंबूंच्या मेखा आणि दोऱ्या मोजील, कोणी औषधांची पेटी भरील, कोणी शिधा आणील. दोघा तरुणांकडे कचऱ्याचा हिशेब येतो. प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुडे आणि बाटल्या जितक्या नेल्या, तितक्या मोजून परत आणावयाच्या. उरलेले अन्न उघड्यावर टाकावयाचे नाही, कारण त्याच्या वासाने रानातील जनावरे तंबूंजवळ येतात. ते बंद डब्यात घालून गाडीत ठेवावयाचे. रात्री दहानंतर मोठ्याने गाणी नाहीत व गाड्यांचे दिवे नाहीत. धाकट्या मुलीला सर्वांत महत्त्वाचे काम मिळते. प्रत्येक थांब्यावर गाड्या सुटण्यापूर्वी तिने माणसे मोजावयाची आहेत. बारा भरल्याशिवाय एकही गाडी हलणार नाही.

सरतेशेवटी सारा बेत एका कागदावर स्वच्छ अक्षरांत उतरविला जातो. त्याची एक प्रत माझगावात राहणाऱ्या आजींकडे राहणार आहे. त्यात जाण्याचा मार्ग, मुक्कामाचे ठिकाण, ज्या शेतकऱ्याच्या जागेत तंबू असतील त्याचे नाव आणि गाड्यांचे क्रमांक आहेत. डोंगरात भ्रमणध्वनी लागेलच याचा भरवसा नसतो. म्हणून घरी कागद असणे आवश्यक आहे. रविवारी सकाळी अकराला रतनवाडी सोडून सायंकाळी माझगावला परत यावयाचे, असे त्यावर लिहिले आहे. रात्री दहापर्यंत मंडळी आली नाहीत आणि निरोपही आला नाही, तर कोणाला कळवावयाचे, तेही खाली नमूद केले आहे.

आजी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचतात आणि देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवितात. मग त्या म्हणतात, “आता खुशाल जा. तुम्ही कोठे आहात, हे मला ठाऊक असेल.”

स्वाध्याय

१. माझगावच्या माणसांचा डोंगरातील तळ्यांशी कोणता संबंध आहे?

२. मंडळींनी जून महिना सोडून नोव्हेंबर महिना का निवडला? दोन कारणे सांगा.

३. “घड्याळ शेवटाकडून मागे मोजीत या,” असे आजोबा का म्हणाले? त्यांच्या रीतीने तुमच्या शाळेच्या सहलीचे वेळापत्रक तयार करा.

४. तळ्याच्या काठाला लागून तंबू का ठोकू नयेत? काकांनी दिलेली कारणे व आजोबांनी दिलेले कारण वेगवेगळे लिहा.

५. बोर्डिलन आणि इव्हान्स मागे फिरले, यात त्यांचा पराभव झाला असे तुम्हांला वाटते काय? तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.

६. वीस माणसे तीन दिवस मुक्कामाला जाणार आहेत. पाठात दिलेल्या प्रमाणाने त्यांना किती लिटर पाणी लागेल?

७. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: गावी नसणे, खल होणे, बजावून सांगणे, तहान लागल्यावर विहीर खणणे.